कुंडीतलं विज्ञान : शिकारी झाडाचा उपास



शिकार करणारं झाड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जबडा मिटून माशी पकडणारं झाड येतं ना? आजचं झाड मात्र अगदी गरीब दिसतं. तळहातावर मावेल एवढं. पानं जमिनीलगत गोल पसरलेली, जणू हिरवं फूलच! पानाला बोट लावलं तर तुपाचा हात लागल्यासारखं वाटतं. इंग्रजीत याला बटरवर्ट म्हणतात. शास्त्रीय नाव पिंग्विक्युला. लॅटिन भाषेत 'पिंग्विस' म्हणजे चरबीदार. आपण आपलं त्याला 'लोणीपान' म्हणू या.

पान की चिकटपट्टी?

लोणीपानाच्या पानावर दोन प्रकारच्या बारीक ग्रंथी असतात. काही देठावर उभ्या असतात, त्यांच्या टोकाला चिकट थेंब असतो. चिलटं पाणी समजून त्यावर बसतात आणि अडकतात. मग पानाला टेकून बसलेल्या दुसऱ्या ग्रंथी पाचक रस सोडतात. म्हणजे तोंडही पान आणि पोटही पान! हे झाड ज्या जमिनीत उगवतं तिथे नायट्रोजन फार कमी असतो. ती उणीव ते किड्यांकडून भरून काढतं. चार्ल्स डार्विन यांनी या पानांवर माश्या, मांसाचे तुकडे, अंड्याचा पांढरा बलक ठेवून पाहिला. पानाच्या कडा हळूहळू आत वळतात, हे त्यांनी 1875 साली आपल्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं.

पाऊस संपला, शिकार बंद!

लोणीपानाच्या कितीतरी जाती मेक्सिकोतल्या डोंगरांत, ओल्या कड्यांवर वाढतात. त्यांपैकी 'पिंग्विक्युला मोरानेन्सिस' ही जात घरी लावायला सोपी. हुंबोल्ट आणि बॉनप्लाँ या प्रवाशांना ती मेक्सिकोतल्या मोरान नावाच्या खाणीजवळ सापडली, म्हणून हे नाव.

तिकडेही आपल्यासारखाच पावसाळा असतो, आणि मग कोरडे महिने येतात. पावसाळ्यात पानं मोठी, पसरट, चिकट. पाऊस सरला की मधून नवी पानं येतात ती इवलीशी, जाड, गच्च रचलेली. त्यांवर चिकटपणा नाही. शिकारही नाही! असं का? चिकट थेंब करायला पाणी लागतं. पाणीच नसेल तर ते उधळायचं कशाला? त्यापेक्षा जाड पानांत साठवायचं, आणि पाऊस येईपर्यंत उपास करायचा.

नेमकी इथेच गडबड होते. मोठी पानं वाळली, झाड एवढंसं झालं, की घरातल्यांना वाटतं, 'अरे, हे मरतंय!' मग मायेपोटी तांब्याने पाणी घातलं जातं. मुळं कुजतात आणि झोपलेलं झाड खरोखरच मरतं. नाहीतर 'गेलं' म्हणून कुंडीच रिकामी केली जाते.

घरी वाढवायचं असेल तर

1. शेणखत, रासायनिक खत, काळी माती नको. धुतलेली जाडी वाळू आणि परलाईट चालतं.
2. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार साचत जातात.
3. भरपूर उजेड द्या, पण दुपारचं कडक ऊन नको.
4. मोठी पानं असताना माती ओलसर ठेवा. छोटी पानं आली की हात आवरा. माती जवळजवळ कोरडीच असू द्या.
5. मधून पुन्हा मोठं पान डोकावलं की पाणी वाढवा. तारीख कॅलेंडरात पाहू नका, झाडालाच विचारा!

एका पानाचं एक बाळ

हिवाळी गुच्छातलं एखादं पान बुडापासून अलगद सोडवा. ओलसर वाळूवर नुसतं ठेवा. काही आठवड्यांत त्याच्या बुडाशी चिमुकलं रोप फुटतं. मित्राला वाढदिवसाला द्यायला छान भेट! रोप घेताना मात्र रोपवाटिकेत तयार केलेलंच घ्या. डोंगरावरून उपटून आणलेलं नको.

आपल्या हिमालयातही एक लोणीपान आहे, पांढऱ्या फुलांचं 'पिंग्विक्युला अल्पिना'. हिवाळ्यात त्याची फक्त एक घट्ट कळी उरते. त्याला मात्र कडाक्याची थंडी हवी, म्हणून ते आपल्या खिडकीत रमणार नाही. मेक्सिकोचं असो की हिमालयाचं, दोघांनाही एक गोष्ट पक्की माहीत असते : केव्हा खायचं आणि केव्हा थांबायचं!

करून पाहा : घरात लोणीपान नसलं तरी चालेल. निशिगंध, हळद किंवा भुईचाफ्याची कुंडी निवडा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पानं मोजून वहीत लिहा. कुठलं झाड केव्हा झोपतं ते कळेल. आणि आईबाबांनो, कुंडी रिकामी करण्याआधी ती वही एकदा जरूर बघा!