गप्प बसण्याचा दंड

ब्रिटनमध्ये सुपरमार्केट, इस्पितळ किंवा व्यापारी संकुलाच्या आवारात मोटार उभी केली आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा काही मिनिटे अधिक झाली, की काही दिवसांत घरी एक पत्र येऊन पडते. त्यावर मोटारीचे छायाचित्र असते, आत शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ असते आणि १०० पौंडांपर्यंतची मागणी असते. कागदाची मांडणी अशी, की वाचणाऱ्याला ते सरकारी दंडाचे फर्मानच वाटावे. नगरपालिकेच्या दंडाच्या नोटिशीला तेथे ‘पीसीएन’ म्हणतात आणि खासगी कंपनीच्या मागणीपत्राचे इंग्रजी आद्याक्षरही नेमके ‘पीसीएन’च होते. दोहोंत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो न कळल्यामुळे काही जण घाबरून तत्काळ पैसे भरतात, तर काही जण ‘खासगी कागद आहे, काय करणार?’ म्हणून तो केराच्या टोपलीत टाकतात. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत आणि त्यांतली दुसरी अधिक महागात पडते.

या व्यवस्थेचा उगम समजून घेतला पाहिजे. पूर्वी खासगी जागेत मोटार उभी केली, की चाकाला लोखंडी कुलूप ठोकून जागच्या जागी पैसे वसूल केले जात. या दंडेलीला आळा घालण्यासाठी ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्याने १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये खासगी जागेतील हा प्रकार बंद केला. तथापि, त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांच्या हाती दुसरे साधन दिले. मोटार कोण चालवत होते हे कळले नाही, तरी काही अटी पाळल्यास तिच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागता येऊ लागले. धारकाचे नाव-पत्ता सरकारी वाहन नोंदणी कार्यालय प्रत्येकी अडीच पौंड घेऊन कंपन्यांना पुरवते. २०१२च्या सुमारास वर्षाला वीस लाखांच्या आसपास असलेल्या अशा विचारणा आता वर्षाला एक कोटीच्या पुढे गेल्या आहेत. कुलूप गेले आणि कॅमेरा आला, एवढाच बदल झाला नाही. वसुलीचे अखेरचे ठाणे रस्त्यावरून न्यायालयात हलले.

मुळात हा आकार दंड नव्हे. तो कराराचा भाग आहे, अशी कंपन्यांची भूमिका असते. वाहनतळावरचा फलक हा प्रस्ताव आणि मोटार उभी करणे ही त्याची स्वीकृती, असे हे तर्कशास्त्र आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस’ या खटल्यात ते उचलून धरले. चेम्सफर्डच्या एका व्यापारी संकुलात दोन तास मोफत पार्किंगची सोय होती आणि प्रतिवादीची मोटार ५६ मिनिटे जास्त थांबली होती. मागणी ८५ पौंडांची होती. कंपनीचे प्रत्यक्ष नुकसान तर काहीच झाले नव्हते. उलट, तो वाहनतळ चालवण्यासाठी कंपनीच जागेच्या मालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती. अर्थात, तिचे सारे उत्पन्न चुकणाऱ्या वाहनचालकांवरच अवलंबून होते. तरीही सात न्यायमूर्तींपैकी सहा जणांनी हा आकार वैध ठरवला. दुकानांच्या गिऱ्हाइकांसाठी जागा मोकळी होत राहावी यात मालकाचे व कंपनीचे रास्त हितसंबंध आहेत आणि त्या मानाने ८५ पौंड अवाजवी नाहीत, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती टूलसन यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले.

येथे भारतीय वाचकाने थोडे थांबावे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ इंग्रजांनीच लिहिले; पण दंड आणि नुकसानभरपाई यांतला इंग्रजी कायद्यातला काथ्याकूट त्यात टाळलेला आहे. करारात कितीही रक्कम लिहिलेली असो, न्यायालय त्या मर्यादेत फक्त वाजवी भरपाई देते. २०१५च्याच जानेवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण’ या निकालात, नुकसान झालेच नसेल तर या कलमाखाली भरपाईही नाही, असे स्पष्ट केले. एकाच वर्षी, एकाच कायदेपरंपरेतील दोन सर्वोच्च न्यायालये जवळजवळ विरुद्ध दिशांना गेली. म्हणूनच ‘माझ्या पाच मिनिटांनी त्यांचे काय नुकसान झाले?’ हा आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाला स्वाभाविक वाटणारा बचाव तेथील न्यायालयात एकट्याच्या बळावर टिकत नाही.

मात्र, बेव्हिस निकालाचा अर्थ प्रत्येक दावा कंपनीच जिंकणार असा नव्हे. त्या वाहनतळावर ठळक व वाचता येण्याजोगे सुमारे वीस फलक होते आणि ही बाब निकालाच्या पायाशी आहे. जेथे फलक झाडाआड आहे, अक्षरे बारीक आहेत किंवा रात्री दिवा नाही, तेथे करार झाला असे म्हणणे अवघड होते. हा विचार नवा नाही. १९७० मध्ये ‘थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग’ खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी, यंत्रातून तिकीट बाहेर पडले तेव्हाच करार पक्का झाला, त्यानंतर वाचायला मिळणाऱ्या अटी चालकावर लादता येणार नाहीत, असे ठरवले होते. २००० मध्ये ‘वाइन विरुद्ध वॉल्थम फॉरेस्ट’ खटल्यात अपील न्यायालयाने, रस्त्यात अस्वस्थ वाटल्याने थांबलेल्या आणि फलक न दिसलेल्या चालकाची बाजू मान्य केली. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात सामान उतरवण्यापुरते थांबणे म्हणजे पार्किंग नव्हे, असा निर्णय झाला. तो इतर न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी त्याचा दाखला देता येतो.

असे असूनही असंख्य दाव्यांत यातला एकही मुद्दा न्यायाधीशापुढे येत नाही. कारण प्रतिवादी बोलतच नाही. खरी मेख येथे आहे. दाव्यापूर्वी कंपनीने रीतसर पत्र पाठवून ३० दिवसांची मुदत द्यायची असते. त्यानंतर नॉर्दॅम्प्टनच्या केंद्रातून दाव्याचे कागद येतात. त्यांची बजावणी झाल्यापासून १४ दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद मिळाल्याची रीतसर पोच त्या अवधीत दिली, तर कैफियत दाखल करण्यास एकूण २८ दिवस मिळतात. काहीच केले नाही, तर दाव्याचा खरेखोटेपणा न तपासता एकतर्फी हुकूमनामा होतो. ती रक्कम महिन्याभरात पूर्ण भरली नाही, तर त्याची नोंद सहा वर्षे राहते आणि घराचे कर्ज किंवा भाड्याचे घरही अडू शकते. शंभर पौंडांचा वाद असा माणसाच्या पतीवर येतो.

वारंवार घर बदलणाऱ्यांना, म्हणजे नोकरीनिमित्त नव्याने गेलेल्या आपल्या मंडळींना, यात विशेष धोका आहे. वाहन नोंदणीवर पत्ता जुनाच राहिला, तर सगळी पत्रे तेथे जातात आणि हुकूमनामा झाल्याचे बँकेने कर्ज नाकारल्यावर कळते. तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी शुल्क भरावे लागते आणि बचावात तथ्य आहे हे दाखवावे लागते.

मग कैफियतीत लिहायचे काय? पहिला प्रश्न, दावा चालकावर आहे की वाहनधारकावर? धारकावर असेल, तर २०१२च्या कायद्यातील अटी तंतोतंत पाळल्या गेल्या का, हे पाहावे. काचेवर नोटीस लावलेली नसेल, तर धारकाला १४ दिवसांच्या आत पत्र मिळायला हवे. रेल्वे किंवा विमानतळासारख्या, स्वतःचे उपविधी असलेल्या जागांना ही तरतूद लागू होत नाही. दुसरा प्रश्न फलकांचा. त्यांची त्या काळातली छायाचित्रे हाताशी हवीत. तिसरा, जागेच्या मालकाने कंपनीला दावा करण्याचा अधिकार दिला आहे का? चौथा, दाव्यात कोणती अट, कशी मोडली हे सांगितले तरी आहे का? साचेबंद दोन-चार ओळींचे दावे हे या धंद्याचे वैशिष्ट्य आहे. २०२३ मध्ये ल्यूटन येथे अपिलावर अशाच मोघमपणामुळे एक दावा काढून टाकण्यात आला. पाचवा मुद्दा अटींच्या रास्तपणाचा. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार न्यायालयाने तो स्वतःहून तपासायचा असतो. मात्र, कैफियतीखाली सत्यतेची सही करावी लागते. चालक कोण हे सांगण्याची सक्ती नसणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. खोटे बोलणे हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो.

हरण्याची भीती बहुतेकांना वकिलाच्या खर्चामुळे वाटते. परंतु, १० हजार पौंडांपर्यंतचे दावे लघुवाद पद्धतीने चालतात आणि तेथे, अवाजवी वर्तन केले नसल्यास, हरणाऱ्यावर प्रतिपक्षाच्या वकिलाचा पूर्ण खर्च पडत नाही. ठरावीक ५० पौंड, न्यायालयीन शुल्क आणि मूळ आकार, असा तो हिशेब असतो. मे २०२४ पासून या दाव्यांत आधी दूरध्वनीवरून मोफत मध्यस्थी सक्तीची झाली आहे. तेथे तडजोडीचे बंधन नाही.

खरा वाद वरच्या रकमेचा आहे. १०० पौंडांवर ‘वसुली खर्च’ म्हणून ७० पौंड, न्यायालयाचे शुल्क ३५ आणि वकिलाचे ५० असे चढवत दावा अडीचशेच्या वर जातो. कायद्याच्या त्याच परिशिष्टानुसार धारकाकडून मूळ नोटिशीतील रकमेपेक्षा अधिक आकार वसूल करता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने आचारसंहिता प्रसिद्ध करून हे जादा शुल्क बंद करण्याचे आणि लंडनबाहेरील किरकोळ चुकांसाठी मर्यादा ५० पौंडांवर आणण्याचे ठरवले होते. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये ती संहिता मागे घेण्यात आली. २०२४ मध्ये उद्योगाच्या दोन संघटनांनी आपली संयुक्त संहिता आणली. तीत १०० पौंडांची मर्यादा आणि ७० पौंडांची भर कायम राहिली. त्याच वर्षी डर्बी येथे, पैसे पाच मिनिटांत न भरल्याबद्दल एका महिलेवर १,९०६ पौंडांचा दावा झाला आणि गाजावाजा झाल्यावर कंपनीने तो सोडून दिला. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅमेऱ्याच्या वाहनतळांवर बाहेर पडण्यापूर्वी पैसे भरल्यास आकार लावायचा नाही, असा बदल झाला. सरकारने जुलै २०२५ मध्ये पुन्हा जनतेची मते मागवली.

कंपन्यांच्या बाजूनेही काही बोलता येते. इस्पितळाच्या दारातली जागा दिवसभर अडवणाऱ्याला आवर घातला नाही, तर रुग्णाने थांबायचे कोठे? नियमन हवेच. प्रश्न असा, की नियमनाचा खर्च चुकणाऱ्याच्या अज्ञानावर आणि भीतीवर चालावा काय? दिवाणी न्यायालय दोन बाजू ऐकण्यासाठी असते. एक बाजू दावे छापून पाठवते आणि दुसरी गप्प राहते, तेव्हा ते न्यायालय उरत नाही, वसुलीची खिडकी होते. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत, चूक असेल तर वेळेत सवलतीच्या दरात पैसे भरून मोकळे व्हावे आणि नसेल तर दोन पानांची प्रामाणिक कैफियत मुदतीत द्यावी. मोटार चुकीच्या जागी उभी केल्याची किंमत शंभर पौंड असेल. गप्प बसण्याची किंमत सहा वर्षे मोजावी लागते.