आपल्या कामावर आपले नाव



बाईच्या कामाची मोजदाद होत नाही, ही आपली जुनी तक्रार. घरकाम, शेतावरची मजुरी, घरी बसून लाटलेले पापड, वळलेल्या विड्या यांबद्दल आपण पुष्कळ बोललो, लिहिले, मोर्चे काढले. या वेळी मला एका पगारी, सुशिक्षित, संगणकावर होणाऱ्या कामाबद्दल लिहायचे आहे. तेही अदृश्यच राहते आणि ते करणाऱ्यांत आपल्या कितीतरी मैत्रिणी आहेत.

या कामाला 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' असे भारदस्त नाव आहे. कोणाला काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने, कोणती उदाहरणे घेऊन, आणि समजले की नाही ते कसे तपासायचे, याचा आराखडा करणे म्हणजे हे काम. अंधेरी, पवई, मालाड इथल्या कंपन्यांत बँकेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, परिचारिकांसाठी, विमा विकणाऱ्यांसाठी असे धडे तयार होतात. ते लिहिणाऱ्यांत शाळा-कॉलेजातली नोकरी सोडून आलेल्या बायका मला नेहमी भेटतात. जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, पवईच्या आयआयटीत त्यावर संशोधन होते.

काम मात्र नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबादला नेले. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी अंगणात आणि कुरणावर शाळा भरवली, दगड, पाने, बिया यांतून शिकवण्याची साधने केली. तेही हेच काम होते. अनुताईंनी 'कोसबादच्या टेकडीवरून' या पुस्तकात आपला अनुभव लिहून ठेवला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. त्यांच्यासारखेच कल्पक काम करून गेलेल्या, पण काहीही नोंदवून न ठेवलेल्या शिक्षिका किती असतील, ते आता कोण सांगणार?

बोरिवलीची माझी एक मैत्रीण अकरा वर्षे असे धडे लिहीत होती. मूल लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून तिने नोकरी सोडली. चार वर्षांनी पुन्हा कामाला निघाली, तर प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, "कामाचे नमुने दाखवा." नमुने कुठले? सगळे जुन्या कंपनीच्या संगणकावर, कुठेही तिचे नाव नाही. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळू लागली, हे चांगलेच झाले. पण घरासाठी तीन-चार वर्षे थांबलेल्या बाईच्या आधीच्या कामाचा पुरावा कोणता कायदा जपणार? तो तिने स्वतः जपायला हवा. इंटरनेटवर स्वतःचा पोर्टफोलिओ, म्हणजे कामाची नमुनेवही, ठेवणे म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. घाटकोपरच्या खोलीत बसून बाहेरगावचे काम मिळवू पाहणाऱ्या बाईला तर दुसरी ओळखच नसते.

आता पहिली अडचण. जे लिहिले, ते दाखवता येते का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. नोकरी नसेल, सुटे काम घेतले असेल, तर साधारणपणे हक्क लिहिणारीचा राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. शिवाय कलम ५७ म्हणते, की हक्क विकल्यावरही 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध मन्नू भंडारी न्यायालयात गेल्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली याच कलमाचे महत्त्व मांडले. पण श्रेय सांगणे वेगळे आणि गोपनीय मजकूर चारचौघांत मांडणे वेगळे. सही केलेल्या करारात मनाई असेल, तर तो धडा जसाच्या तसा दाखवू नका.

मग काय दाखवायचे? आपल्या आवडीचा विषय घेऊन नवा नमुना करा. उदाहरणार्थ, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची, एवढ्या दोन गोष्टी मुलुंडच्या कारखान्यातल्या बाईला दहा मिनिटांत कशा समजावाल? तिला आधी काय ठाऊक आहे, उदाहरण कोणते घेतले, शेवटी प्रश्न कोणता विचारला आणि का, हे सारे मांडा. असे तीन-चार नमुने पुरेत. काम देणारा तुमचा विचार पाहतो. चकचकीत चित्रे दुय्यम असतात.

दुसरा प्रश्न जागेचा. इंटरनेटवर आपल्या नावाचा पत्ता घेतात, त्याला डोमेन म्हणतात. आणि मजकूर ठेवायला जागा घेतात, ते होस्टिंग. फुकट जागा मिळते, सुरुवातीला ती जरूर घ्या. पण फुकटची जागा परक्याची असते. जिओसिटीजवर हजारो लोकांनी पाने केली होती. २००९ साली ती सेवा बंद झाली आणि ज्यांनी प्रत काढून ठेवली नव्हती त्यांची पाने गेली. म्हणून सगळ्याची एक प्रत घरी ठेवा, आणि जमेल तेव्हा स्वतःचा पत्ता घ्या. वर्षाला काही शे ते हजारभर रुपये लागतात. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असाही पत्ता मिळतो.

तो पत्ता कोणाच्या नावावर आहे, हे मात्र नीट पाहा. घर आणि जमीन बायकोच्याही नावावर हवी असे आपण सांगत आलो, इथेही तेच. नोंदणी नवऱ्याच्या ईमेलवर, पैसे त्याच्या कार्डातून आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर येत असेल, तर घरात बिनसले त्या दिवशी तुमची वर्षांची मेहनत त्याच्या हाती. ईमेल, मोबाइल, पासवर्ड तुमचेच हवेत. नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा; ती चुकली तर पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो. घरचा पत्ता आणि खाजगी फोन नंबर पानावर टाकू नका.

आणि नाव कोणते? लग्नानंतर आडनाव, कधी तर पहिले नावही बदलण्याची आपल्याकडे रीत. जुन्या कामावर एक नाव, नव्यावर दुसरे, आणि दोन्ही एकाच बाईची हे कोणाला कळत नाही. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला. आईला स्वतःचे कायमचे नाव असेल, तर त्या निर्णयाला अधिक अर्थ येईल. कामासाठी एक नाव ठरवा आणि ते सोडू नका.

शेवटी संघटनांशी बोलायचे आहे. शिबिरांचे तक्ते, खेळ, पुस्तिका, पथनाट्ये हेही शिकवण्याचेच आराखडे आहेत. ते सामूहिक असतात, व्यक्तीचा उदोउदो नको, ही भूमिका मला मान्य आहे. पण पूर्णवेळ काम सोडून पोटापाण्याची नोकरी शोधणाऱ्या कार्यकर्तीच्या हाती काय राहते? पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सर्वांची नावे घाला. मानधनाच्या पत्रात एक ओळ लिहा: 'या कामाचे नमुने आपल्या नावाने दाखवण्यास हिला परवानगी आहे.' त्यात शिबिरातल्या बायकांचे फोटो आणि कहाण्या त्यांच्या संमतीशिवाय येऊ नयेत, हेही सांगा.

या ओळीला पैसा लागत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि काय ठरले ते आम्हांला जरूर कळवा.