व्हाइटफील्ड : शेतीसाठी वसलेलं गाव

व्हाइटफील्ड म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि न संपणारी वाहनांची रांग. पण बंगळूरच्या पूर्वेचं हे गाव मुळात शेतीसाठी वसवलं गेलं, हे किती जणांना ठाऊक आहे?

१८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी अँग्लो-इंडियन संघटनेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. या समाजाची सारी भिस्त सरकारी आणि रेल्वेच्या नोकरीवर. नोकरी गेली की चूल पेटायची पंचाईत! आपल्या माणसांनी स्वतःची जमीन कसावी, ताठ मानेनं जगावं, हे संघटनेचे संस्थापक डेव्हिड व्हाइट यांचं स्वप्न. गावाला नावही त्यांचंच मिळालं. मधोमध गोल मैदान, भोवती कौलारू बंगले, पलीकडे शेतं.

स्वातंत्र्यानंतर या समाजातली अनेक कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. १९९०च्या दशकात जवळच इंटरनॅशनल टेक पार्क उभं राहिलं आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. २००७मध्ये हा परिसर बृहत् बंगळूर महानगरपालिकेत सामील झाला. २०२३मध्ये मेट्रोही येऊन पोहोचली. जुने बंगले मात्र एकेक करून पडले, मोजकेच उरले.

नोकरीवाचून जगता यावं म्हणून जी जमीन मिळाली, तिथेच आज पुण्या-नागपूरपासून देशभरातली मुलं नोकरीसाठी येऊन राहतात. काळाची ही गंमत म्हणायची, की थट्टा?