उन्हाळी सुटीत कोकण किनारी येणाऱ्या कुटुंबांना जाहीर आवाहन

एप्रिल-मे महिन्यांत कोकणात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा बेत खोलीच्या वेळेवर ठरतो. पहाटे निघायचे, घाट उतरायचा, दुपारी खोली ताब्यात घ्यायची आणि जेवण आटोपून थेट समुद्र गाठायचा. पाण्याच्या आणि उन्हाच्या वेळा मात्र वेगळ्या असतात. सुटीवर येणाऱ्या सर्व कुटुंबांना आवाहन करण्यात येते, की दिवसाची आखणी या दोन वेळा पाहून करावी.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेलीच असते, आणि मुहूर्तापेक्षा तिचा हा उपयोग अधिक खात्रीचा. तरीही हिशोब अर्ध्यापाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून नेमकी वेळ गावातल्या मच्छीमारांना विचारून घ्यावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते. पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त उतरते. ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाण्याचा वेग सर्वाधिक असतो, म्हणजे पौर्णिमेला दुपारी दोन ते चार. जेवून पाण्यात उतरण्याची सर्वांची वेळही नेमकी तीच. अशा दिवशी मुलांना सावलीतल्या वाळूत खेळवावे आणि पाणी दुसऱ्या दिवशी सकाळवर ठेवावे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या ठिकाणी ओहोटीला पायी जाता येते. तिथे परतीची वेळ ठरवूनच निघावे, कारण भरती लागली की वाट पाण्याखाली जाते. ओल्या वाळूवर गाडी घालण्याची हौसही आवरावी. चाके रुतल्यावर पाणी थांबत नाही.

पावसाळा नाही म्हणून समुद्र निवांत, हा समज घातक आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा संपून चार महिने झाले होते.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाण्यासाठी एखादी अरुंद वाट धरते, आणि त्या वाटेत माणसाला आत ओढण्याइतका जोर असतो. अशा पट्ट्यात बहुधा लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधेच गडद किंवा गढूळ, सपाट पाणी दिसते. लहान मुलांसाठी पालक अनेकदा हीच 'शांत' जागा निवडतात. ती टाळावी. खाडीच्या मुखाशी आणि खडकांलगत तर उतरूच नये. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडण्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे; ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. वाचवायला जाणाऱ्याने रिकाम्या हाताने पाण्यात उडी घेऊ नये. दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. हातात हात गुंफून साखळी केली, तर एकामागून एक सगळेच ओढले जाऊ शकतात.

बुडणारे मूल ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वर क्षणभरच राहते. म्हणून मुले पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसाकडे फक्त त्यांच्यावर नजर ठेवण्याचेच काम असावे. फोटो दुसऱ्याने काढावेत. नदीचे डोह, धरणाचे काठ आणि गावची विहीर यांनाही हेच लागू आहे.

किनाऱ्यावरचे तापमान विदर्भाच्या मानाने कमी दिसते, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. अकरा ते चार या वेळेत मुले व वृद्ध सावलीत असावेत. ताक, कोकम सरबत आणि शहाळ्याचे पाणी तहान लागण्याआधीच द्यावे. बंद गाडीत मुलाला पाच मिनिटेही ठेवू नये. बाहेर ३५ अंश असताना उन्हातली गाडी अर्ध्या तासात ५० अंशांच्या घरात जाते आणि काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेक दाबत राहिल्यास तो तापून ऐनवेळी दगा देतो. रात्रभर गाडी चालवून पहाटे ताम्हिणी किंवा कशेडी उतरणे टाळावे.

भान हरपणे, असंबद्ध बोलणे आणि अंग भाजल्यासारखे तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नये. बुडालेल्याला उलटे टांगण्यात किंवा पोट दाबण्यात वेळ घालवू नये. श्वास बंद असल्यास तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. दोन्ही ठिकाणी गाव आणि जवळची खूण आधी सांगावी. राहण्याच्या जागेचा पूर्ण पत्ता आल्याबरोबर लिहून ठेवलेला बरा, कारण पाहुण्यांना वाडीचे नाव सहसा ठाऊक नसते.