पान स्त्रियांचे, तिजोरी कोणाची?

अण्णा नगर, चेन्नई

वृत्तपत्रातील ‘महिलांचे पान’ ही मागासलेपणाची खूण होती. ते गेले, स्त्रिया ‘मुख्य प्रवाहा’त आल्या आणि प्रश्न निकालात निघाला, असे भांडवलदारी वृत्तपत्रांचे कैवारी मोठ्या साळसूदपणे सांगत असतात. आपल्यातील काही साथीही, वेगळ्या कारणाने का होईना, त्यांच्या सुरात सूर मिसळतात. पाककृती आणि विणकामाच्या पानाचा वर्गलढ्याशी संबंध काय, असे त्यांना वाटते. दोघांनाही एकच प्रश्न विचारला पाहिजे: ते पान काढले कोणी, आणि बंद केले कोणी?

अमेरिकेत हे पान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढीला लागले ते बड्या दुकानदारांच्या जाहिरातींवर. घरखर्चाचे पैसे गृहिणीच्या हातून जातात, म्हणून तिच्यासमोर जाहिरात मांडायची आणि जाहिरातीभोवती मजकूर भरायचा, हा सरळ व्यापारी हिशेब होता. वृत्तपत्रात शिरकाव मिळालेल्या बहुतेक स्त्रियांना याच कोपऱ्यात बसविण्यात आले. परंतु कोपऱ्यात बसविलेली माणसे गप्प राहतातच असे नाही. ‘मायामी हेरल्ड’च्या डोरोथी जर्नी व मारी अँडरसन, ‘डॅलस टाइम्स हेरल्ड’च्या व्हिव्हियन कॅसलबेरी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत लग्नसमारंभांच्या बातम्यांशेजारीच स्त्रियांचे वेतन, घरातील मारहाण, मुलांवरील अत्याचार हे विषय आणले.

१९६९ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने स्त्रियांचा विभाग गुंडाळून ‘स्टाइल’ हा नवा विभाग सुरू केला आणि इतरांनी त्याचा कित्ता गिरविला. भाषा समानतेची होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नव्या विभागाची सूत्रे पुरुषांकडे गेली. मार्जोरी पॅक्सन यांच्यासारख्या अनुभवी संपादिकेलाही या फेरबदलात पद गमवावे लागले. स्त्रीमुक्तीच्या चळवळीने त्या पानांवर केलेली टीका चुकीची नव्हती. मालकांनी तिचा सोयीस्कर अर्थ काढला. जाहिरात ठेवली, बाई काढली.

बंद झालेल्या त्या विभागाचे नाव ‘स्त्रियांसाठी आणि स्त्रियांविषयी’ अशा अर्थाचे होते. भाषांतराच्या कामात शब्दयोगी अव्ययांशी रोजच झटापट असते, म्हणून नजरेत भरते: ‘साठी’ आहे, ‘विषयी’ आहे, ‘कडून’ मात्र नाही.

आपल्याकडचा इतिहास याहून निराळा आहे आणि तो विसरणे हा करंटेपणा ठरेल. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेले ‘दीनबंधु’ पुढे गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविले. त्यांच्यामागून ते वासुदेवराव बिर्जे यांच्याकडे आले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, वासुदेवरावांच्या निधनानंतर, तानुबाई बिर्जे यांनी त्याचे संपादन हाती घेतले. एखादे पान नव्हे, संपूर्ण वृत्तपत्र! हे शक्य झाले ते पाठीशी जाहिरातदार नव्हे, सत्यशोधक चळवळ होती म्हणून. याउलट १९३० मध्ये सुरू झालेले ‘स्त्री’ मासिक किर्लोस्करांसारख्या उद्योगघराण्याचे. त्याने मध्यमवर्गीय स्त्रीला वाचती आणि लिहिती केली, हे कोणी नाकारू नये. पण विद्या बाळ यांना संपादकपद मिळाले ते १९८३ मध्ये, मासिकाला पन्नासहून अधिक वर्षे झाल्यावर. १९८६ पर्यंत त्या तेथे होत्या, आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतंत्र मासिक उभे केले.

ज्या शहरातून हे लिहिते आहे तेथेही हीच परंपरा आहे. कमला सत्यनाथन यांनी १९०१ मध्ये येथूनच ‘इंडियन लेडीज मॅगेझिन’ काढले. अड्यारहून निघणाऱ्या ‘स्त्री धर्म’चे संपादन करणाऱ्या मुथुलक्ष्मी रेड्डी देवदासी प्रथेविरुद्ध विधिमंडळातही लढल्या. १९७९ मध्ये याच शहरात कष्टकरी स्त्रियांची अखिल भारतीय समन्वय समिती स्थापन झाली, जिच्या कामाशी कॉ. विमल रणदिवे यांचे नाव निगडित आहे. आणि आज? अण्णा नगरच्या सदनिकांत रविवारी येणाऱ्या रंगीत पुरवण्यांत रेशमी साड्या आणि हिरे झळकतात. ती पुरवणी उचलून फरशी पुसणाऱ्या बाईची मजुरी, तिची सुट्टी, तिचा बसप्रवास यांना तेथे जागा नाही. ‘मुख्य प्रवाह’ म्हणतात तो हाच काय?

कामगार चळवळीनेही या बाबतीत फुशारकी मारू नये. क्लारा झेटकिन यांनी ‘डी ग्लाइखहाइट’ १८९२ पासून पंचवीस वर्षे चालविले. गृहिणींसाठी आणि मुलांसाठी पुरवण्या काढण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्या युद्धविरोधावर ठाम राहिल्या तेव्हा, १९१७ मध्ये, जर्मन सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाच्या नेतृत्वाने ते पत्र त्यांच्या हातून काढून घेतले.

म्हणून आपल्या नियतकालिकांपुढेही हा प्रश्न ठेवणे भाग आहे. ८ मार्चच्या अंकात अहवालावरून बेतलेले दोन लेख छापून भागणार नाही. पान हवे, दर अंकात हवे, आणि त्याची संपादिका संपादक मंडळात बरोबरीने बसणारी हवी. सोलापूरच्या विडी कामगार बाईचे किंवा बीडच्या ऊसतोडणी करणारीचे पत्र आले तर ते छापण्याचा अधिकार तिचा असावा. आणि त्यासाठी एखाद्या ठरावाचा अर्धा स्तंभ कापावा लागला, तर तो कापण्याचाही.