पाठीला खोकला येत नाही

पाठ दुखू लागली की मराठी घरात निदान लगेच होते. ‘उसण भरली असेल’, ‘काहीतरी जड उचललं असेल’, ‘दिवसभर खुर्चीत बसल्यावर दुसरं काय होणार?’ मग तेल, शेक, मलम आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी. बहुतेक वेळा एवढ्याने भागतेही. कारण बहुतेक पाठदुखी ही खरे तर कंबरदुखी असते, स्नायूंची असते आणि काही आठवड्यांत आपोआप बरी होते. पण दुखणे पाठीच्या मधल्या भागात, म्हणजे बरगड्या जिथे मणक्यांना जोडल्या आहेत तिथे असेल, तर हाच हिशेब महागात पडू शकतो.

शरीररचनेत त्याचे कारण आहे. मान आणि कंबर सतत वाकतात, वळतात. त्यामुळे तिथली झीज आणि लचक नेहमीची. छातीमागचे 12 मणके मात्र बरगड्यांच्या 12 जोड्यांनी पिंजऱ्यासारखे बांधलेले असतात. तिथे हालचाल कमी, म्हणून झीजही तुलनेने कमी. मग तिथे दुखणे टिकून राहिले, तर ‘का?’ हा प्रश्न अधिक गांभीर्याने विचारायला हवा. कधी उत्तर साधे असते: बसण्याची वाईट सवय किंवा अवघडलेला स्नायू. कधी ती नागीण असते. एका बाजूच्या बरगडीलगत जळजळ आधी सुरू होते आणि पुरळ काही दिवसांनी उठते. कधी दुखणे पाठीचे नसतेच. हृदय, पित्ताशय किंवा मुख्य रक्तवाहिनीचा आजार पाठीत कळ पाठवतो. छातीत दडपण, घाम किंवा धाप यांच्यासह अचानक उठलेली पाठीतली कळ ही थांबून पाहण्याची गोष्ट नाही.

आपल्याकडे या यादीत आणखी एक नाव ठळक अक्षरांत हवे, ते म्हणजे मणक्याचा क्षय. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. हाडांना होणाऱ्या क्षयापैकी जवळपास निम्मा मणक्यांत होतो आणि त्यातही छातीमागचा, विशेषतः खालचा, भाग त्याची आवडती जागा. बहुधा फुप्फुसातून शिरलेला जंतू रक्तावाटे मणक्यात पोहोचतो. शेजारशेजारच्या दोन मणक्यांचा पुढचा भाग तो पोखरतो, मधली गादीही खातो. मणका पुढून खचला की पाठीला टोकदार कुबड येते. या भागात मज्जारज्जूची नळी अरुंद असते. पू किंवा खचलेले हाड तिच्यावर दाबले की पाय लटपटू लागतात, लघवीवरचा ताबा जातो. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी कुबड आणि पायांचा लकवा यांचे हे नाते 1779 मध्येच नोंदवले होते. जंतू सापडला तो 1882 मध्ये. आज औषधेही आहेत. तरीही पाय लुळे पडल्यावरच निदान होणारे रुग्ण आपल्या रुग्णालयांत येतात, ही खेदाची गोष्ट आहे.

असे का होते? क्षय म्हणजे खोकला, हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले आहे. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असल्यास तपासणी करा’ हा संदेश फुप्फुसाच्या क्षयासाठी अगदी योग्य आहे. संसर्ग तिथूनच पसरतो. पण पाठीला खोकला येत नाही. मणक्याच्या क्षयाच्या अनेक रुग्णांना ना खोकला असतो, ना ठसठशीत ताप. असते ती फक्त हळूहळू वाढणारी, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी. सोबत घटणारे वजन आणि मंदावलेली भूक. वेदनाशामक गोळीने ती तात्पुरती दबते आणि मौल्यवान महिने निघून जातात. साध्या एक्स-रेवर विसंबणेही धोक्याचे, कारण हाडाचे बरेच नुकसान होईपर्यंत त्यात काही दिसत नाही.

यावर आक्षेप येईल की, पाठ कुणाची दुखत नाही? प्रत्येकाचा एमआरआय काढायचा का? अर्थातच नाही. पण चार प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. दुखणे पाठीच्या मध्यावर आहे का? सहा आठवडे उलटूनही हटत नाही का? रात्री, विश्रांतीतही दुखते का? ताप, वजनात घट किंवा घरात कुणाला क्षय झाल्याचा इतिहास आहे का? त्याहून साधी गोष्ट म्हणजे रुग्णाची पाठ उघडी करून पाहणे, मणक्यांवरून हात फिरवणे. घाईच्या ओपीडीत, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, नेमके हेच राहून जाते. एवढ्यातून संशय आलेल्यांनाच पुढे रक्ततपासणी, एमआरआय आणि गरजेनुसार सुईने नमुना घेणे लागते. घरोघरी सर्वेक्षणाला जाणाऱ्या आशाताईंच्या प्रश्नावलीत खोकल्याशेजारी पाठीचा एक प्रश्न असायलाच हवा.

हाच हलगर्जीपणा आजीच्या पोकाबाबतही दिसतो. ‘वय झालं, वाकणारच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात पाळी गेल्यानंतर ठिसूळ झालेला मणका बादली उचलताना किंवा बस खड्ड्यात आदळताना खचलेला असू शकतो. म्हणजे ते पोक नव्हे, फ्रॅक्चर असते. आणि पहिले फ्रॅक्चर ही पुढच्याची सूचना असते. तिथे एक्स-रे आणि हाडांचे औषध वेळेवर मिळाले, तर पुढची मोडतोड बऱ्याच अंशी टाळता येते. पडल्यावर बरगडी मोडलेल्या वृद्धांची छाती पट्ट्याने घट्ट आवळण्याची जुनी पद्धतही सोडायला हवी. दुखते म्हणून खोल श्वास घेतला नाही की कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. तिथे गरज असते ती वेदना पुरेशी कमी करून श्वासाचे व्यायाम करण्याची.

मणक्याचा क्षय वेळेत सापडला तर बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना, केवळ औषधांनी बरे होतात. औषधे फुप्फुसाच्या क्षयापेक्षा जास्त काळ, साधारण वर्षभर घ्यावी लागतात. सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहेत आणि नोव्हेंबर 2024 पासून उपचारकाळात पोषणासाठी दरमहा 1000 रुपये मिळतात. उपाय दाराशी आहे. अडते ते ओळखण्यापाशी. म्हणून पाठीच्या मध्यावरचे दुखणे सहा आठवडे हटले नाही, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला, तर सहा आठवडेच काय, एक दिवसही थांबू नये. आणि डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी पाठ एकदा डोळ्यांनी पाहावी.