ब्रेक मारू नका, सोडायला शिका

आपल्या भाषेत ब्रेक 'मारतात'. दाबत नाहीत, मारतात. टपली मारावी, हाक मारावी, तसा ब्रेक मारायचा. माझं ठाम मत आहे की रेसिंग सिम्युलेटर खेळणाऱ्या आपल्यासारख्या हौशी मंडळींची निम्मी गोची या एका क्रियापदात आहे. ब्रेक कुठे मारायचा यावर तासन् तास चर्चा. मारलेला ब्रेक सोडायचा कसा, हे सांगायला कोणी लागलं की सगळे व्हिडिओ पुढे ढकलतात!

गेली काही वर्षं शनिवारी रात्री माझा हाच उद्योग चालू आहे. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, कधी आयरेसिंग, कधी ग्रान टुरिस्मो. (हो, लग्न झालंय. हो, घरी माहीत आहे.) या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेला आणि सगळ्यात जास्त नुकसान केलेला सल्ला एकच : "अरे, तू फार लवकर ब्रेक मारतोस. अजून उशिरा मार."

हा सल्ला खोटा नाही, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. खोटा असता तर आपण दोन दिवसांत सोडून दिला असता. तो अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टींवर माणूस वर्षं काढतो.

जरा हिशेब करू. समजा सरळ रस्त्याच्या शेवटी तुमचा वेग ताशी २५० किमी आहे आणि वळणात तो १०० हवा. तुम्ही नेहमीपेक्षा ५ मीटर उशिरा ब्रेक दाबलात आणि बाकी सगळं नीट जमवलंत. फायदा किती? ते ५ मीटर तुम्ही २५० च्या वेगाने ०.०७ सेकंदात संपवले. लवकर ब्रेक दाबणारा बिचारा तेच ५ मीटर वळणाच्या तोंडाशी १०० च्या वेगाने, म्हणजे ०.१८ सेकंदात काढतो. फरक ०.११ सेकंद. वाईट नाही. एका वळणाला एक दशांश म्हणजे चांगलीच कमाई.

आता बिल बघा. उशिरा ब्रेक दाबल्यामुळे गाडी थोडी जास्त आत घुसली, पुढची चाकं वळायला तयार होईनात, नाक ओळीवर यायला वेळ लागला आणि थ्रॉटल द्यायला ०.३ सेकंद उशीर झाला. या ०.३ सेकंदात १०० च्या वेगाने तुम्ही जेमतेम ८.३ मीटर सरकलात. आता वेग वाढवायची सगळी प्रक्रिया ०.३ सेकंद मागे गेली. जमेला काय, तर तेवढे ८.३ मीटर. पुढच्या सरळ रस्त्याच्या शेवटी, समजा २३० च्या वेगाने, ते ०.१३ सेकंदात संपले असते. म्हणजे निव्वळ तोटा ०.१७ सेकंद. कमावले अकरा, घालवले सतरा. अशा धंद्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, एवढं उघड आहे तर मग लोकांच्या लक्षात कसं येत नाही? इथेच खरी गंमत आहे. स्क्रीनवर तो डेल्टा नावाचा पट्टा असतो ना, तुमच्याच सर्वोत्तम लॅपपेक्षा तुम्ही किती पुढे किंवा मागे आहात ते दाखवणारा, त्याच्यामुळे. उशिरा ब्रेक दाबला की तो पट्टा तिथल्या तिथे हिरवा होतो. शाबासकी लगेच मिळते! तोटा मात्र पुढचा अर्धा किलोमीटर थेंबाथेंबाने गळत राहतो, आणि तोपर्यंत आपण वळण विसरलेलो असतो. मग आपण म्हणतो की गाडी सरळ रस्त्यावर पळत नाही, सेटअप बदलला पाहिजे. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी बग शोधला आहे त्यांना हे नवीन नाही. चूक एका मोड्यूलमध्ये असते आणि एरर चार मोड्यूल पुढे येतो. आपण जिथे एरर आला तिथेच कोड बदलत बसतो.

बरं, ब्रेक सोडण्यात एवढं काय आहे? टायरकडे पकडीचं एकच बजेट असतं. ते थांबण्यावर खर्च करा, वळण्यावर करा, नाहीतर दोन्हींवर वाटून करा, पण एकूण रक्कम तेवढीच. सरळ रेषेत गाडी असताना सगळी पकड ब्रेकला देता येते. वर जीटी थ्री किंवा फॉर्म्युला वनसारखी पंखवाली गाडी असेल, तर हवा तिला रस्त्यावर दाबून धरते, आणि हा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा झाला की दाब एक चतुर्थांश. म्हणून पहिला दणका जोरदार हवाच, पण जसजसा वेग उतरतो तसतसा पायही उतरला पाहिजे. नाहीतर २५० ला जो जोर बरोबर होता तोच १२० ला चाक लॉक करतो. आणि स्टिअरिंग फिरवायला लागलात की उरलेला ब्रेक तेवढ्याच प्रमाणात कमी करत न्यायचा, ऍपेक्सपर्यंत. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. नाव भारी आहे, पण गोष्ट म्हणजे हप्त्याहप्त्याने कर्ज फेडणं.

यात वजनाचा खेळही आहे. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, पुढचे टायर रस्त्यावर दाबले जातात, मागचे हलके होतात. आता ब्रेक एकदम सोडला तर नाक वर येतं आणि पुढचे टायर हलके होतात, तेही नेमके तुम्ही त्यांना "वळा" म्हणता त्या क्षणी. गाडी सरळ जाते. उलट पूर्ण ब्रेक दाबून ठेवूनच वळवलीत तर मागचे टायर साथ सोडतात आणि गाडी गर्रकन फिरते. या दोन खड्ड्यांच्या मधून जी वाट आहे ती फक्त पायाने, हळूहळू सोडत, काढता येते.

पटत नसेल तर शहरातल्या बसमध्ये दांडा धरून उभे राहिलेले आठवा. नवखा ड्रायव्हर थांब्यावर शेवटपर्यंत ब्रेक दाबून ठेवतो, आणि बस थांबताच सगळे आधी पुढे आणि मग मागे. मुरलेला ड्रायव्हर थांबायच्या क्षणभर आधी पाय हलका करतो आणि हातातल्या चहाच्या कपालाही कळत नाही. ब्रेक दोघांनीही मारला. सोडला एकानेच.

"पण एबीएस आहे की!" हा पुढचा युक्तिवाद. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसवर बंदी आहे, पण जीटी थ्री गाड्यांना ते असतं, त्यामुळे सिममध्येही त्यांना ते वापरण्यात काही गैर नाही. मात्र एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. पाय कधी आणि किती उचलायचा हे ते तुमच्या वतीने ठरवत नाही. आपण काय करतो? पेडल तळाला चेपतो, एबीएसची थरथर ऐकत बसतो, आणि मग लाइटचं बटण बंद करावं तसा पाय काढतो. हे ड्रायव्हिंग नाही, एक आणि शून्य आहे. ते दिवसभर ऑफिसात करतोच की.

आता दुकानांकडे येऊ. लोड सेल नावाचं पेडल मिळतं. साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, हे पेडल किती जोर लावला ते मोजतं. पायाला अंतरापेक्षा जोर लक्षात ठेवणं सोपं जातं, म्हणून ही चीज चांगलीच आहे. मीही घेतली. (किंमत घरी अजून माहीत नाही.) पहिल्या महिन्यात फरक एवढाच पडला की पूर्वी जी चूक मी अंदाजपंचे करत होतो, ती आता अतिशय अचूकपणे करू लागलो. पेडल बदललं, पाय तोच होता.

आणि आता जरा लाज वाटणारी गोष्ट. मोंझा. ५.७९३ किमीचा ट्रॅक, पहिलंच वळण म्हणजे लांबलचक सरळ रस्त्यानंतर येणारी अरुंद शिकेन, उजवीकडे आणि लगेच डावीकडे. मी तीन आठवडे फक्त तिथला ब्रेकिंग पॉइंट घोटत होतो. कडेच्या फलकांवरून मीटरमीटरने पुढे सरकवत नेलेला, पाठ केलेला. रेसच्या पहिल्या लॅपला पुढच्या गाड्यांच्या मागे हवेचा आडोसा मिळाला, त्यामुळे मी नेहमीपेक्षा जास्त वेगात होतो. त्याच आडोशामुळे माझ्या पंखांना हवा कमी मिळत होती, म्हणजे पकडही कमी. टायर थंड. आणि मी इमानदारीत माझ्या पाठ केलेल्या जागी ब्रेक मारला. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर आदळलो. ती गाडी भिंतीवर, मागचे आणखी दोन त्यात.

त्या माणसाने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने चॅटमध्ये एवढंच लिहिलं की आठवड्यात मला एवढाच एक तास मिळतो. आणि निघून गेला.

कोण, कुठला, मला माहीत नाही. पण ते वाक्य रुतून बसलं, कारण माझाही तो तेवढाच तास होता. तीन आठवडे मी कौशल्य कमावतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात एक आकडा हार्डकोड करत होतो. परिस्थिती बदलली आणि प्रोग्रॅम कोसळला, फक्त कोसळताना दुसऱ्याच्या मशीनवर कोसळला. पाय उचलून, जोर कमी-जास्त करून गाडी सावरता येणाऱ्याला ब्रेकिंग पॉइंट दहा मीटर इकडे तिकडे झाला तरी फरक पडत नाही. ज्याला फक्त "कुठे" माहीत आहे आणि "कसं" माहीत नाही, तो गर्दीत सगळ्यांना धोका आहे. "उशिरा मार" म्हणणारे हे कधी सांगत नाहीत.

माझ्यावर तुटून पडण्याआधी दोन गोष्टी कबूल करतो. एक, जे खरंच वेगवान आहेत ते उशिराच ब्रेक दाबतात. बरोबर. पण त्यांना सोडता येतं म्हणून त्यांना उशीर परवडतो. आपण परिणामाची नक्कल करतोय, कारणाची नाही. दोन, ज्या वळणानंतर सरळ रस्ताच नाही, लगेच दुसरं वळण आहे, तिथे माझा वरचा हिशेब फिरतो आणि उशिरा ब्रेकचा फायदा टिकतो. मान्य. पण कुठलं वळण कसलं आहे हे ओळखायलाही आधी गाडी ऐकावी लागते.

मग करायचं काय? एबीएस नसलेली, पंख नसलेली गाडी घ्या. फॉर्म्युला फोर्ड उत्तम. एकच वळण निवडा, ज्याच्यापुढे लांब सरळ रस्ता आहे. नेहमीपेक्षा १५ मीटर लवकर ब्रेक दाबा. पहिला दाब जोरात, मग सगळं लक्ष पाय वर येण्यावर. लॅपची वेळ बघू नका, ब्रेकचा आलेख बघा (असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेवाल्यांना तो मोटेकमध्ये उघडता येतो). चढ कड्यासारखा आणि उतार घाटासारखा दिसला पाहिजे. दोन्ही बाजूंना कडा दिसत असेल तर तुम्ही अजून मारताच आहात. सलग दहा लॅप गाडी ऍपेक्सला लागली आणि थ्रॉटल एकाच जागी उघडला, की मग ब्रेकिंग पॉइंट दोन मीटर पुढे न्या. दोनच. पुन्हा दहा लॅप.

पहिल्या दिवशी वेळ वाईट येईल, डेल्टा लाल दिसेल, आणि मित्र म्हणतील की अरे तू किती लवकर ब्रेक मारतोस. त्यांना म्हणू द्या. आपल्याकडे आठवड्याला एकच तास आहे, आणि ग्रिडवरच्या बाकीच्या सगळ्यांकडेही तेवढाच. तो हिरव्या पट्ट्यासाठी जाळायचा की गाडी चालवायला शिकायला वापरायचा, एवढाच प्रश्न आहे.

असो. फार झालं. साडेदहा वाजले, सर्व्हर उघडला असेल.

ता. क. मोंझाच्या पहिल्या शिकेनला आता मी पहिल्या लॅपला २० मीटर लवकर ब्रेक दाबतो. दोन-तीन जागा जातात. पुढच्या दोन लॅपमध्ये बहुतेक वेळा परत मिळतात, कारण त्या घेणारे तोपर्यंत वाळूत असतात.